आधी पाहा, मग पुसा : जुना घडीचा चाकू कसा ओळखावा

मे महिन्यात माळा झाडायला काढला की गोव्यातल्या जुन्या घरांतून एखादा तरी घडीचा चाकू निघतोच. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बरण्यांमागच्या पत्र्याच्या डब्यात, आजोबांच्या चष्म्याच्या घरात, नाहीतर शिवणाच्या पेटीत बटणांच्या तळाशी. पातं जाम झालेलं असतं, मुठीच्या कडेला हिरवट चिकटा धरलेला असतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "भंगारात टाक, नाहीतर चांगला घासून घे." यातलं काहीच लगेच करू नका. भंगारात टाकलेला चाकू निदान दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागू शकतो. घासलेला चाकू मात्र कायमचा मुका होतो.

हे मी अनुभवाने सांगतो. माझा पहिला चाकू मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला, गोणपाटावर जुनं लोखंड मांडून बसलेल्या एका माणसाकडून, दीडशे रुपयांना. पिवळट हाडाची मूठ, दोन पाती, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी गंजाखाली दबलेली चार-पाच अक्षरं व एक बारीक ओळ. घरी नेऊन उजेडात बघायचा धीर मला नव्हता. वाटेतच एका धार लावणाऱ्याच्या चाकावर मी तो दिला. दहा मिनिटांत पातं आरशासारखं लखलखलं आणि अक्षरं गेली. तो चाकू आजही माझ्याजवळ आहे, पण तो कोणी केला, कुठे केला, कधी केला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुढे आमच्या वाड्यावरच्या एका निवृत्त तारवोट्याला, म्हणजे बोटीवरच्या खलाशाला, तो दाखवला. त्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पयलीं पळय, मागीर पूस." म्हणजे आधी पाहा, मग पुसा. या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम त्या एका वाक्यावर बेतलेला आहे.

गोव्यात हे चाकू आले कुठून

हे माहीत असलं की डब्यातून काय निघू शकेल याचा अंदाज बांधता येतो. एक वाट पोर्तुगालची. १९६१च्या डिसेंबरपर्यंत इथे युरोपचा माल थेट बंदरात उतरत होता. त्यामुळे पोर्तुगीज, जर्मन, फ्रेंच, स्विस असे सगळेच चाकू जुन्या घरांत सापडतात. दुसरी वाट तारवोट्यांची. ब्रिटिश बोटींवर काम करणारे गोंयकार सुट्टीवर येताना ट्रंकेत चाकू आणत, स्वतःला आणि भेट द्यायलाही. केनिया, टांगानिका, मोझांबिककडून परतलेल्यांच्या सामानातही ते येत. तिसरी वाट घाटावरची आणि मुंबईची. ब्रिटिश हिंदुस्थानात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकूंचा मोठा खप होता आणि तो माल बेळगाव, मुंबई करत इकडे पोचायचा.

माझ्या आजोबांचा चाकू या तिसऱ्या वाटेने आला असावा. फोंडा महालात आमचं छोटं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि आजोबा कलमं बांधत. त्यांच्या चाकूच्या एका टोकाला पातं आहे आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ. डोळा भरताना, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीखाली बसवताना, साल अलगद उचलायला ती जीभ असते. पुढे ठिकठिकाणी याच चाकूचा दाखला देणार आहे, कारण मी वाचायला शिकलो ते त्याच्यावरच.

पहिली पायरी : अवयव ओळखा

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे खटक्याचा रामपुरी येतो. खिशातला जुना चाकू ही वेगळी जात आहे. त्याला खटका नसतो, पातं आपोआप उघडत नाही आणि उघडल्यावर कुलूपबंदही होत नाही. मुठीच्या पाठीवरून एक पोलादी स्प्रिंग जाते आणि तिच्या दाबावर पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं, एवढीच त्याची युक्ती. म्हणूनच अशा चाकूच्या पात्याच्या पाठीवर जोर देऊ नये. ते मिटून थेट बोटांवर येतं.

पात्याचा जो भाग मुठीजवळ, धार संपल्यावर राहतो त्याला मी बुंधा म्हणतो. सगळं लिखाण तिथेच असतं. पात्याच्या अंगावर चंद्रकोरीसारखी किंवा सरळ रेघेसारखी नखाची खाच असते, पातं ओढायला. मुठीच्या आत पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात, ते अस्तर. अस्तरावर बाहेरून हाड, शिंग, शिंपला, लाकूड यांच्या फाकी बसवून रिव्हेट मारलेले असतात. मुठीच्या टोकांना धातूचे गट्टू असतात, त्यांना जाणकार बोल्स्टर म्हणतात. हे गट्टू पुष्कळदा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण आहे.

दुसरी पायरी : न दुखावता उघडा

जाम पातं पकडीने ओढायचं नाही, तसं केलं की नखाची खाच फाटते. सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, चाकू कागदावर उभा ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी पात्याच्या दोन्ही अंगांना चामड्याचा तुकडा धरून हलकेच ओढा. नाही आलं तर पुन्हा एक थेंब, पुन्हा एक रात्र. मला एका चाकूला सहा दिवस लागले होते. दोन टोकांना दोन पाती आणि दोघांत मिळून एकच स्प्रिंग असेल तर दोन्ही पाती एकाच वेळी अर्धवट उघडू नका. स्प्रिंगवर दोन्हीकडून ताण येतो आणि शंभर वर्षांची स्प्रिंग तडकली तर तशी पुन्हा मिळत नाही.

तिसरी पायरी : बुंधा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. पातं उघडून खिडकीपाशी बसा, सकाळी किंवा उतरत्या उन्हात. उजेड वरून नको, बाजूने तिरका हवा. तिरक्या उजेडात झिजलेल्या अक्षरांनाही सावली पडते आणि ती उठून दिसतात. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग मिळालं तर उत्तम. अक्षरं तरीही लागत नसतील तर खडूची बारीक पूड बोटाने चोळा आणि वरवरची पूड फुंकून टाका. खोलगट भागात पांढरं राहतं आणि नाव वर येतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा मोह टाळा. आम्ल आधी गंज खातं, मग अक्षरांच्या कडा खातं. फोटो चारही बाजूंनी काढून ठेवा. पात्याच्या दोन्ही बाजू, प्रत्येक पात्याचा बुंधा आणि स्प्रिंगची आतली बाजूही पाहा. काही कारागिरांचं नाव मोठ्या पात्यावर, तर गावाचं नाव छोट्या पात्यावर असतं.

आता काय वाचायचं ते. गोव्यात सापडू शकतील अशा खुणा आधी घेतो.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण म्हणजे एक तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकांकडे रुंद होत जाणारा क्रूस. या घराण्याच्या चाकूंवर बऱ्याचदा मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजा-राणीची आद्याक्षरं असतात. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'ई आर' म्हणजे बहुधा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. 'जी आर' जरा जपून वाचावं लागतं. बहुतेक वेळा तो पाचवा किंवा सहावा जॉर्ज असतो, म्हणजे १९१० नंतरचा काळ, पण १८३० पूर्वीच्या चौथ्या जॉर्जचीही अक्षरं तीच. अशा वेळी बाकीचा चाकू पाहून ठरवायचं. रॉजर्सच्या नावाचा दबदबा इतका होता की नकलाही भरपूर झाल्या. नावातलं एखादं अक्षर बदललेलं, तारा आहे पण क्रॉस नाही, क्रॉसच्या जागी फूल, असं काही दिसलं की थांबा. अस्सल छाप खोल, सरळ आणि सारख्या अंतराची असते.

जॉर्ज वोस्टेनहोमची खूण 'आय', मग तारा, मग 'एक्सएल'. इंग्रजीत भरभर वाचली तर 'मी सरस आहे' असं वाक्य तयार होतं. हेही शेफील्डचंच घराणं. माझ्या आजोबांच्या चाकूवर खडू चोळल्यावर 'सेनॉर' आणि 'शेफील्ड' ही दोन नावं आली. सेनॉर हे माळ्यांच्या आणि कलमवाल्यांच्या चाकूंचं जुनं नाव आहे, त्यामुळे हाडाच्या जिभेचा उलगडा तिथेच झाला.

जर्मनीतलं झोलिंगन हे दुसरं मोठं गाव. दोन जुळ्या माणसांची आकृती दिसली तर ते हेंकेल्स. ही खूण १३ जून १७३१ रोजी नोंदलेली आहे आणि अजून वापरात आहे. चेस्टनटचं झाड असेल तर ब्योकर. काळ्या पत्र्याच्या चपट्या मुठीवर झेप घेणारं मांजर असेल तर मर्केटर. हा चाकू मात्र वरच्या जातीत बसत नाही, कारण त्याच्या पाठीवर पातं अडकवणारी कळ असते.

स्विस चाकू ओळखायला सगळ्यात सोपे, कारण नावच काळ सांगतं. कार्ल एल्सेनर यांनी १८८४मध्ये इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले. अधिकाऱ्यांसाठीचा तो प्रसिद्ध चाकू १८९७चा. १९०९मध्ये आईच्या आठवणीसाठी त्यांनी 'व्हिक्टोरिया' हे नाव घेतलं. पुढे न गंजणारं पोलाद आलं तसा त्याचा फ्रेंच शब्द 'इनॉक्स' १९२१मध्ये नावाला जोडला गेला आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. तेव्हा व्हिक्टोरिनॉक्स लिहिलेला चाकू १९२१ आधीचा असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो.

फ्रान्सचा ओपिनेल लाकडी मुठीचा, साधा आणि देखणा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९०मध्ये तो सुरू केला. पात्यावर मुकुटाखाली आशीर्वादाचा हात आहे, ती खूण १९०९पासूनची. मुठीच्या गळ्याशी फिरणारं पोलादी कडं १९५५मध्ये आलं. म्हणून कडं नसलेला ओपिनेल जुना, असं लोक सरसकट सांगतात. ते मोठ्या मापांपुरतंच खरं आहे. दोन ते पाच नंबरच्या छोट्या चाकूंना आजही कडं नसतं. नंबर पात्यावर किंवा मुठीवर असतो, तो पाहून मगच बोला.

पोर्तुगीज चाकू हे आमच्या गोव्याचं खास धन, आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पोर्तुगीजमध्ये खिशातल्या छोट्या चाकूला 'कानिव्हेत' म्हणतात आणि वस्तऱ्यापासून घडीच्या मोठ्या चाकूपर्यंत सगळ्याला 'नाव्हाल्या'. ईशान्य पोर्तुगालमधलं पालासोलू हे खेडं अशा लाकडी मुठीच्या चाकूंसाठी नावाजलेलं आहे. गिमाराइंशच्या परिसरातही सुऱ्या-कात्र्यांचे कारखाने आहेत. यांच्यावर मोठ्या घराण्याची खूण नसेल, नुसतं 'पोर्तुगाल' किंवा 'इंदुस्त्रिया पोर्तुगेझा' असेल, किंवा काहीच नसेल. दिसायला गरीब म्हणून फेकू नका. इथल्या भाटांत (नारळाच्या बागांत), होड्यांवर, पाववाल्याच्या फळीवर हेच चाकू झिजले आहेत आणि शेफील्डच्या मानाने ते कमीच टिकून राहिले.

तारवोट्यांच्या ट्रंकेतला चाकू जाडजूड असतो. मेंढीच्या खुरासारखं बोथट टोकाचं पातं, पाठीला दोर सोडवायचा जाड पोलादी सुळा आणि एका टोकाला दोरी ओवायचं कडं. बोथट टोक मुद्दाम असतं. हलत्या बोटीवर दोर कापताना कोणाला भोसकलं जाऊ नये म्हणून. अशा चाकूवर कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण असेल तर तो ब्रिटिश सरकारी माल. शेजारी बऱ्याचदा सालही ठोकलेलं असतं, मग डोकं खाजवायचं काम उरत नाही.

बुंध्यावर एखाद्या मुंबईच्या दुकानाचं नाव दिसलं म्हणून चाकू मुंबईत बनला असं समजू नका. दुकानदार आपलं नाव ठोकून चाकू मागवत.

चौथी पायरी : साल कसं काढायचं

नाव लागलं नाही तरी देशाचं नाव पुष्कळ सांगतं. १८८७मध्ये ब्रिटनने मालावरच्या खुणांचा कायदा केला. जर्मन माल शेफील्डच्या नावावर खपवला जात होता, तो रोखायला. तेव्हापासून 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं बाहेरच्या मालावर दिसू लागली. १८९०च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि ते पुढच्या वर्षीपासून लागू झालं. कारखाने एकाच ठशावर सगळीकडचा माल काढत, त्यामुळे नुसतं 'शेफील्ड' असेल आणि 'इंग्लंड' नसेल तर चाकू १८९१ आधीचा असण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणतो, खात्री नव्हे, कारण हिंदुस्थानात येणाऱ्या मालावर ती अमेरिकी सक्ती नव्हती.

'स्टेनलेस' हा शब्द असेल तर चाकू १९१३ नंतरचा. त्या वर्षी शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं पोलाद तयार केलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला. स्टेनलेस पोलाद ओळखायला लोहचुंबक लावून बघणारे बरेच भेटतात. चाकूचं स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटतं, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. चुंबक अस्तरासाठी वापरा. चिकटलं नाही तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, चिकटलं तर लोखंड.

भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत कधी शिंपल्याच्या मुठीचा नाजूक, पांढऱ्या पात्याचा चाकू निघतो. तो फळं कापायचा चांदीचा चाकू. पोलादाला फळाचं आम्ल लागून चव बिघडते म्हणून पातं चांदीचं. त्यावर चालता सिंह, शेफील्डचा मुकुट, सालाचं अक्षर अशा बारीक खुणा असतात. त्यांत राजा किंवा राणीचं डोकंही असेल तर चाकू १८९० किंवा त्याआधीचा, कारण ते डोकं म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण आणि तो कर त्या वर्षी उठला.

पाचवी पायरी : मूठ कशाची

भिंगाखाली हाडावर बारीक तपकिरी ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतावर असे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. आजोबांच्या चाकूची ती जीभ हस्तिदंताची आहे असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. भिंगातून पाहिलं तर ठिपकेच ठिपके. हाड निघालं याचा मला आनंदच झाला. सांबराच्या शिंगाची साल नैसर्गिक खडबडीत असते, दोन फाकी कधीच सारख्या नसतात. हाडावर कोरून तसाच खडबडीतपणा आणलेला असतो, पण कोरीव खाचा एका लयीत येतात. म्हशीचं शिंग बोटाने जोरात चोळलं की जळक्या केसांसारखा मंद वास येतो.

सेल्युलॉइडला तर आपलं नाक सहज ओळखतं. चोळलं की कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत या सगळ्यांची नक्कल सेल्युलॉइडमध्ये झाली. तापलेली सुई लावून परीक्षा करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. जुनं होऊन ते कुजू लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचे चाकू गंजतात. माझा एक चांगला झोलिंगनचा चाकू असाच एका पिवळ्या सेल्युलॉइडच्या मुठीशेजारी राहून खराब झाला. तेव्हापासून सेल्युलॉइडला वेगळा डबा, तोही थोडा उघडा.

आता कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला, आफ्रिकेतून आलेल्याचाही. कासवाची पाठ आणि सांबराचं शिंगही याच कायद्याच्या कक्षेत येतं. अशा मुठीचा चाकू कितीही सुंदर असला तरी विकत घेऊ नका आणि विकू नका. घरात वारशाने असेल तर वनखात्याकडे रीतसर चौकशी करा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. नातेवाइकांना लिस्बनला भेट पाठवायचा विचार असेल तर हे ध्यानात असू द्या.

सहावी पायरी : चाकू किती शाबूत आहे

मिटलेला चाकू खिडकीच्या उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि अस्तर यांच्या फटीतून उजेड आरपार येत नसेल तर तो उत्तम हाताने जुळवलेला आहे. नव्या रिव्हेटचं डोकं जुन्या गट्ट्यावर वेगळ्या रंगाचं दिसतं, म्हणजे चाकू कधीतरी सोडवून पुन्हा बांधला आहे. दुरुस्ती हा दोष मानू नका. विकणाऱ्याने लपवली तर तो दोष.

मग पातं पाहा. दर वर्षी धार लावून ते अरुंद होत जातं. मिटल्यावर टोक मुठीत फार खोल गेलेलं असेल, किंवा नखाची खाच धारेच्या अगदी जवळ आली असेल, तर निम्मं पातं दगडावर राहिलं असं समजा. आजोबांच्या चाकूचं पातं मूळच्या दोन तृतीयांश उरलं आहे. बाजारात त्याची किंमत त्यामुळे घटते, माझ्या लेखी नाही. त्यांच्या हाताचा कोन त्या झिजेत दिसतो. टोकाकडे जास्त, बुडाकडे कमी.

शेवटी कान लावा. चांगली स्प्रिंग असेल तर पातं उघडताना मध्ये एकदा अडतं आणि शेवटी स्वच्छ 'टक्' वाजतं. मिटतानाही तसंच. काही चाकूंत मधला अडथळा नसतो, ते आपले सलग वळतात, त्यात वावगं काही नाही. आवाज भदभदीत आला तर आत मळ आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. केसभर हलणं चालतं, खुळखुळ नको. जुन्या चाकूंची गोडी मला सगळ्यात जास्त या आवाजात वाटते. ऐंशी वर्षं मिटून पडलेल्या चाकूतून तो पहिल्यांदा निघतो तेव्हा घरातले सगळे मान वर करून बघतात.

सातवी पायरी : आता पुसा

वाचून, फोटो काढून झालं की मगच. काळपट निळा-करडा थर म्हणजे गंज नव्हे. आंबे-काजू कापून, हाताळून पोलादावर धरलेली ती साय आहे, ती राहू द्या. लाल, पूड सुटणारा असेल तो खरा गंज. त्यावर तेल लावून दोन दिवस ठेवा आणि बांबूच्या कामटीने खरवडा. अगदीच हटत नसेल तर चार शून्यांची ('००००' नंबरची) सगळ्यात मऊ पोलादी लोकर तेलात भिजवून फक्त गंजाच्या जागी फिरवा. बुंध्याच्या आसपास तीही नको. अस्तरावरचा हिरवा चिकटा कामटीने आणि कापडाने निघतो. सांध्यातला मळ तेलाने सुटून बाहेर येतो, तो काळा थेंब पुसा आणि पुन्हा थेंब सोडा, स्वच्छ येईपर्यंत.

खोबरेल वापरू नका. आपल्याकडे हात आधी त्याच बाटलीकडे जातो, पण डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं आणि वर्षभरात सांध्यात गोंदासारखं चिकट होतं. निम्मे जाम चाकू मला खोबरेलानेच जाम झालेले दिसले आहेत. शिलाई मशीनचं तेल सांध्याला, आणि फळं कापणार असाल तर पात्याला खाण्यायोग्य खनिज तेल. धार लावायची तर स्वतः लावा, बारीक दगडावर, एका बाजूला पंधरा ते वीस अंश ठेवून. चाकवाल्याकडे जाऊ नका, मी गेलो होतो.

आमच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. चामडं दमट हवा धरून ठेवतं, त्यातलं कमावणीचं आम्ल पितळ हिरवं करतं. तेलाचा हलका हात फिरवलेल्या मलमलीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून बघा. समुद्राकाठी, कळंगुट, कोलवा, हरमल भागात राहत असाल तर दर आठवड्याला.

बाळगण्याबद्दल थोडं

शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, खिशातले जुने चाकू त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. तरीही जत्रेत, सभेत, कचेरीत खिशात घेऊन जाऊ नका. दाबोळी किंवा मोपाहून विमानाने जाताना चाकू हातसामानात चालत नाही, मोठ्या बॅगेत घाला.

वही घाला

प्रत्येक चाकूला एक पान द्या. मिटलेली लांबी, पात्यांची संख्या, बुंध्यावरचा मजकूर जसाच्या तसा, मुठीचा प्रकार, कुठे मिळाला, कोणी दिला. बुंध्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून काढलेली छाप त्या पानावर चिकटवा, फोटोपेक्षा ती कधी कधी जास्त सांगते. आणि चाकू ज्यांचा होता त्यांच्या घरच्यांना विचारा की यानं काय कापायचे. उत्तर आठवत असेपर्यंत विचारा. एका मास्तरांच्या मुलीने मला सांगितलं की वडील त्या छोट्या पात्याने शाळेतल्या मुलांचे बोरू तासून द्यायचे. इंग्रजीत अशा चाकूला पेननाइफ म्हणतात तेही त्यामुळेच, तिकडे पिसाची लेखणी तासत, इकडे बोरू. ती ओळ कुठल्याही भिंगातून दिसली नसती.

आजोबांच्या पानावर त्या जागी लिहिलं आहे : मानकुराद, मुसराद हे आंबे, लिंबाचे डोळे. पात्याला मी आता हात लावत नाही, ते फार झिजलं आहे. हाडाची जीभ मात्र दर जुलैत परसातल्या लिंबावर चालते. ओली साल उचलताना ती अजूनही कुठे ओरखडा उठू देत नाही.